ध्रुवावरचे साक्षीदार

१८९१ च्या जुलै महिन्यात 'काइट' नावाचं जहाज ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ बर्फ फोडत उत्तरेला चाललं होतं. बर्फाचा मोठा तुकडा सुकाणूवर आदळला, सुकाणूचा लोखंडी दांडा गर्रकन फिरला आणि तिथेच उभ्या असलेल्या मोहीमप्रमुखाच्या पायावर बसला. घोट्याच्या वर हाडं मोडली. मोहिमेसोबत एक तरुण डॉक्टर होता. त्याने पाय बसवला, बांधला, हिवाळाभर त्याची काळजी घेतली. पुढच्या उन्हाळ्यात तो प्रमुख ग्रीनलंडच्या हिमपठारावरून शेकडो किलोमीटर चालून परत आला. प्रमुखाचं नाव रॉबर्ट पेरी, डॉक्टरचं नाव फ्रेडरिक कुक. मोहिमेच्या वृत्तांतात पेरीने कुकची मनापासून स्तुती केली. अठरा वर्षांनी हीच दोन माणसं एकमेकांना खोटं ठरवायला उभी राहिली, कारण उत्तर ध्रुवावर पहिलं पाऊल आपलंच पडलं असं दोघंही म्हणत होती.

शाळेत असताना या प्रश्नाचं उत्तर आम्हाला एका ओळीत मिळालं होतं. 'उत्तर ध्रुवावर प्रथम पोहोचणारा : रॉबर्ट पेरी, १९०९.' सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत ते अजूनही तसंच सापडतं. या भांडणाविषयी जे मिळेल ते मी वाचत आले आहे आणि ती ओळ खरी नाही, असं आता माझं ठाम मत झालं आहे. पण मला त्याहून अधिक सलतं ते दुसरंच. त्या दिवसांत बर्फावर कोण कोण चालत होतं, हे सगळ्या जगाला ठाऊक होतं. साक्षीदार होते. त्यांना माणूस मानून, बरोबरीने बसवून कोणी विचारलं नाही.

आधी त्या दोघांविषयी. पेरी अमेरिकेच्या नौदलातला स्थापत्य अभियंता. तरुणपणीच आईला लिहिलेल्या पत्रांत आपल्याला कीर्ती हवी आहे, हे त्याने न लाजता कळवलं होतं. १८९८-९९ च्या हिवाळ्यात, कडाक्याच्या अंधारात, तो फोर्ट काँगर नावाच्या ओसाड तळापर्यंत गेला आणि हिमदंशाने त्याच्या पायांची आठ बोटं गेली. त्यानंतरही तो दहा वर्षं ध्रुवाच्या मागे लागला. अशा माणसाची जिद्द मोठीच म्हणायला हवी, आणि मी ती मानते.

कुक ब्रुकलिनचा. दुधाचा धंदा करून त्याने डॉक्टरकीचं शिक्षण घेतलं. लग्नानंतर थोड्याच काळात बाळंतपणात बायको आणि मूल दोन्ही गेली, आणि त्यानंतर हा माणूस बर्फाकडे वळला. त्याचं सगळ्यात चांगलं काम मात्र उत्तरेत नाही, दक्षिणेत झालं. 'बेल्जिका' हे बेल्जियन जहाज १८९८ साली अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलं. तिथे हिवाळा काढणारी ती पहिलीच माणसं. सूर्य दोनेक महिने उगवला नाही, हिरड्या सुजल्या, स्कर्व्ही (ताज्या अन्नाअभावी होणारा आजार) झाला, काहींना भ्रम होऊ लागला. कुकने सगळ्यांना पेंग्विन आणि सीलचं ताजं मांस खायला लावलं. नाक मुरडणाऱ्यांनाही सोडलं नाही. आजाऱ्यांना शेगडीसमोर बसवून ऊब दिली. पुढे बर्फात कालवा कापून जहाज बाहेर काढायच्या खटपटीतही तोच पुढे होता. त्याच जहाजावर रोआल्ड आमुंडसेन नावाचा तरुण नॉर्वेजियन होता. त्याने कुकचे उपकार जन्मभर मानले. कुकविषयी पुढे मला जे लिहायचं आहे ते कडू आहे, म्हणून हे आधी सांगितलं.

आता १९०९. १ सप्टेंबरला कुकने स्कॉटलंडच्या उत्तरेच्या शेटलंड बेटांवरून, लर्विकहून तार केली : आपण २१ एप्रिल १९०८ रोजी ध्रुवावर पोहोचलो. तीन दिवसांनी 'हान्स एगेदे' हे जहाज त्याला घेऊन कोपनहेगनला लागलं, तेव्हा धक्क्यावर मुंगीला जागा नव्हती. राजपुत्र स्वागताला आला. मेजवान्या झाल्या, पदक मिळालं, विद्यापीठाने मानाची पदवी दिली. अशाच एका मेजवानीत बातमी आली की लॅब्रॅडॉरच्या किनाऱ्यावरून पेरीची तार आली आहे. त्याने ६ एप्रिल १९०९ रोजी ध्रुव गाठला. कुक शांतपणे म्हणाला, कीर्ती दोघांनाही पुरेल एवढी आहे. पेरीच्या तोंडून असं काही निघणं शक्य नव्हतं. त्याने तार केली की कुकने लोकांना सोन्याच्या नावाखाली खोटी वीट विकली आहे. 'न्यूयॉर्क हेरल्ड' कुकच्या बाजूने आणि 'न्यूयॉर्क टाइम्स' पेरीच्या बाजूने, अशी वर्तमानपत्रांचीही लढाई जुंपली. पिट्सबर्गच्या एका वर्तमानपत्राने वाचकांचा कौल घेतला, तर फार मोठं बहुमत कुकच्या पदरात पडलं. लोकांना तो हसरा, नम्र डॉक्टर आवडला होता. जहाजावर त्याला भेटलेला फिलिप गिब्ज हा इंग्रज बातमीदार मात्र साशंक होऊनच उतरला. गिब्जला ध्रुवीय प्रवासातलं काही कळत नव्हतं. त्याने फक्त रोजनिशी बघायला मागितली आणि कुक चिडला.

या भांडणाची खरी गोम ध्रुवाच्या भूगोलात आहे. उत्तर ध्रुवावर जमीन नाही. सुमारे चार हजार मीटर खोल समुद्र, आणि त्यावर सतत सरकणारा बर्फ. तिथे झेंडा रोवा, दगड रचा, डबा पुरा, काही महिन्यांत ते सगळं भलतीकडे वाहून गेलेलं असेल. दक्षिण ध्रुवाचं तसं नाही. आमुंडसेन १४ डिसेंबर १९११ ला तिथे पोहोचला आणि एक लहान तंबू उभारून आत पत्र ठेवून आला. महिन्याभराने ब्रिटिश मोहिमेचा प्रमुख स्कॉट तिथे पोहोचला आणि त्याला तो तंबू दिसला. परतताना स्कॉट आणि त्याचे साथीदार मेले. त्यांच्या रोजनिशा सापडल्या, आणि हरलेल्या माणसाच्या हस्ताक्षरात जिंकलेल्याचा पुरावा जगाला मिळाला. उत्तरेत अशी सोय नव्हती. तिथे माणसाचा शब्द, त्याने मोजलेले आकडे आणि सोबत चाललेली माणसं, एवढंच.

आकड्यांचं तर आणखी अवघड. ध्रुवावर सूर्य रोज उगवतही नाही, मावळतही नाही. चोवीस तास जवळजवळ एकाच उंचीवर गोल फिरत राहतो, आणि ती उंची म्हणजे त्या दिवशीची सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचं त्याचं कोनीय अंतर. एप्रिलच्या सहा तारखेला ती सहा-साडेसहा अंश असते. हे कळायला ध्रुवावर जावं लागत नाही, नाविकांचं पंचांग पुरतं. आपल्याकडे लोकमान्य टिळकांनी १९०३ साली, कोणीही ध्रुव पाहिलेला नसताना, पुण्यात बसून तिथलं आकाश, तिथली लांबच लांब उषा, तिथला सहा महिन्यांचा दिवस ग्रंथात मांडला होता. वेदांच्या जन्मभूमीविषयीचं त्यांचं अनुमान आज अभ्यासक मानत नाहीत, पण ध्रुवावरच्या आकाशाचं त्यांचं गणित बरोबर होतं. (पेरी-कुकच्या तारा झळकल्या तेव्हा ते मंडालेच्या तुरुंगात होते. या बातमीने सगळ्यात जास्त हललं असतं असं मराठी मन बहुधा तेच.) जे गणित पुण्यात प्रामाणिकपणे करता येतं, तेच न्यूयॉर्कच्या खोलीत अप्रामाणिकपणेही करता येतं. १९०९ च्या डिसेंबरात दोन माणसांनी पुढे येऊन सांगितलं की कुकने आपल्याकडून ध्रुवावरची निरीक्षणं पैसे देऊन बनवून घेतली.

पेरीचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. १९०९ च्या मार्चच्या सुरुवातीला त्याने कॅनडाच्या उत्तरेच्या एल्समीअर बेटावरच्या केप कोलंबियाहून कूच केलं. २४ माणसं, १९ स्लेज, १३३ कुत्री. पुढे वाट करणाऱ्या तुकड्या एकेक करून माघारी फिरायच्या, अशी योजना. शेवटची तुकडी कॅप्टन बॉब बार्टलेटची. १ एप्रिलला सकाळी बार्टलेट एकटाच काही मैल उत्तरेकडे चालून गेला, ८८ अंश ओलांडायची त्याला हौस होती. परत येऊन त्याने सूर्य मोजला, तर अक्षांश निघाला ८७ अंश ४७ मिनिटांच्या आतबाहेर. वाऱ्याने बर्फच दक्षिणेकडे ढकलला होता. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पायांखालची जमीनच सरकत असताना माणूस किती फसतो हे त्यात दिसतं.

त्या तळावरून पेरीने बार्टलेटला माघारी पाठवलं. बार्टलेट निष्णात नाविक होता. पुढच्या मजलांवर पेरीखेरीज स्वतंत्रपणे स्थान मोजू शकणारा कोणीही उरला नाही. आयुष्यभर खपून मिळवलेल्या मानात दुसरा वाटेकरी नको होता, हे पेरीने पुढे अमेरिकी काँग्रेसच्या समितीसमोर जवळपास उघडच सांगितलं. ध्रुव अजून १३३ सागरी मैल लांब होता. तोवर रोज जे अंतर पडत होतं त्याच्या जवळजवळ दुपटीने पुढच्या मजला पडल्या, असं पेरीची नोंद म्हणते. परतीचा वेग तर त्याहूनही अफाट. आणि या सबंध प्रवासात त्याने रेखांश मोजला नाही, होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते ते तपासलं नाही. तरीही शेकडो मैल सरकत्या, फुटत्या बर्फावरून आपण नाकासमोर सरळ ध्रुवावर गेलो, असं त्याचं म्हणणं. त्याच्या रोजनिशीतलं 'अखेर ध्रुव!' हे प्रसिद्ध वाक्य वहीत नाही, वहीत घातलेल्या सुट्या कागदावर आहे. ज्या दिवसांत माणसं पेमिकन, म्हणजे चरबीत घोळलेलं वाळवलेलं मांस, हातांनी खात होती आणि आंघोळ म्हणून नव्हती, त्या दिवसांतली ती वही इतकी स्वच्छ कशी, असं समितीतल्या एका सदस्यालाही वाटलं. त्याआधी नॅशनल जिओग्राफिक सोसायटीने पेरीचा दावा मान्य करून टाकला होता. सोसायटीने मोहिमेला पैसे दिले होते. तिच्या तपासणी समितीने पेरीची उपकरणं पाहिली ती वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर, ट्रंक उघडून.

वॉली हर्बर्ट या इंग्रज प्रवाशाने १९६९ साली, योगायोगाने ६ एप्रिललाच, आपल्या तीन साथीदारांसह कुत्र्यांच्या स्लेजवरून ध्रुव गाठला. पृष्ठभागावरून, यंत्राच्या वाहनाशिवाय तिथे पोहोचल्याची पहिली नि:शंक नोंद त्यांचीच. १९८० च्या दशकात सोसायटीनेच त्याला पेरीची कागदपत्रं तपासायला दिली. पेरीवर त्याची मनापासून श्रद्धा होती, तरी १९८८ मध्ये त्याचा निष्कर्ष असा निघाला की पेरी बहुधा ध्रुवापर्यंत पोहोचलाच नाही. दुसऱ्या एका तपासणीने सावल्यांच्या मोजमापावरून पेरीच्या बाजूने कौल दिला. मला हर्बर्टचं पटतं, कारण तो त्या बर्फावरून चालला होता.

कुकचं मात्र लवकर उरकतं. १९०६ साली त्याने अलास्कातलं डेनाली, म्हणजेच माउंट मॅकिन्ली, सर केल्याचा दावा केला होता. सोबतच्या एड बॅरिलने १९०९ मध्ये शपथेवर सांगितलं की आपण शिखरावर गेलोच नव्हतो. या शपथेसाठी त्याला पैसे मिळाले होते, तेव्हा ती तशीच मानायला नको. पण पुढच्या वर्षी बेलमोर ब्राउन आणि हर्शेल पार्कर यांनी ते 'शिखर' शोधून काढलं. खऱ्या माथ्यापासून सुमारे तीस किलोमीटर लांबचा एक लहानसा सुळका, छायाचित्रातल्यासारखा हुबेहूब. ध्रुवाच्या बाबतीत कुक म्हणाला की आपली उपकरणं आणि कागद हॅरी व्हिटनी या शिकाऱ्याकडे ठेवले होते आणि पेरीने ते जहाजावर चढवू दिले नाहीत. हे खरं आहे. व्हिटनीला त्या पेट्या ग्रीनलंडमध्ये एटा इथे दगडांत पुराव्या लागल्या, आणि त्या पुन्हा मिळाल्या नाहीत. पेरीचं हे वागणं अक्षम्य आहे. तरी कोपनहेगन विद्यापीठाने डिसेंबरात कुकचे कागद तपासले तेव्हा त्यांत पुरावा म्हणावं असं काहीही सापडलं नाही. ज्या शहराने त्याला डोक्यावर घेतलं, त्याच शहराने तीन महिन्यांत त्याला खाली उतरवलं.

नकाशावर खोटी रेघ ओढली तर काय बिघडतं, असं कोणी म्हणेल. १८९२ च्या त्याच प्रवासात, ग्रीनलंडच्या ईशान्य टोकाजवळच्या एका कड्यावरून पेरीला समोर खाडी दिसल्यासारखी वाटली आणि 'पेरी चॅनल' नकाशावर आलं. ती खाडी नव्हतीच. १९०७ साली डेन्मार्कच्या मोहिमेतले म्युलिउस-एरिक्सन, हागन आणि ब्रॉन्लुंड त्या नकाशाच्या भरवशावर निघाले, किनारा वाटला त्याहून फार लांब निघाला, आणि तिघेही परत आले नाहीत. यॉर्गन ब्रॉन्लुंड हा ग्रीनलंडचाच माणूस. मरताना त्याने आपली वही शेवटपर्यंत लिहिली आणि ती सापडेल अशा जागी देह ठेवला. दावा खरा की खोटा हे कसं पारखावं, तर अशा वहीशी ताडून. १९०६ मध्ये पेरीने 'क्रॉकर लँड' नावाची जमीन लांबून पाहिल्याचं जाहीर केलं. १९१३ ची मोहीम ती शोधायला गेली तर ते मृगजळ निघालं. त्या मोहिमेत पियुगात्तोक नावाच्या इनुइट (आर्क्टिकच्या मूळ रहिवासी लोकांतल्या) वाटाड्याला एका अमेरिकी अधिकाऱ्याने गोळी घालून मारलं. कुकनेही वाटेत 'ब्रॅडली लँड' पाहिल्याचं लिहिलं आहे, तीही कुठे नाही.

आता साक्षीदार. पेरीसोबत शेवटच्या मजलांवर पाच माणसं होती : मॅथ्यू हेन्सन आणि चार इनुइट, ऊटा, एगिंग्वा, सीग्लू आणि ऊक्विया. हेन्सन मेरीलँडचा कृष्णवर्णीय माणूस. वीस वर्षांहून अधिक काळ पेरीसोबत होता. इनुइट भाषा अस्खलित बोलणारा, स्लेज बांधणारा, कुत्री हाकण्यात पेरीच्या माणसांत सगळ्यात वाकबगार. ध्रुवाच्या छावणीत आपण पुढे होतो, बहुधा आपणच आधी पोहोचलो, असं त्याने नंतर सांगितलं. परतीच्या वाटेवर पेरी त्याच्याशी धड बोललाही नाही. कुकसोबत इत्तुकुसुक आणि आपिलाक हे इनुइट होते, दोघंही विशीच्या आसपासचे. म्हणजे दोन्ही दाव्यांना मिळून सात साक्षीदार. आणि जग म्हणत होतं की एकालाही साक्षीदार नाही!

साक्ष घेतली गेली ती फक्त सोयीने. पेरीच्या माणसांनी इत्तुकुसुक आणि आपिलाक यांना प्रश्न विचारले, नकाशावर रेघा ओढायला लावल्या, आणि 'ही मुलं म्हणतात की जमीन नजरेआड झालीच नाही' असं छापलं. तीच मुलं नंतर इतरांना वेगवेगळं सांगत राहिली. कुकचं स्पष्टीकरण ऐका : जमीन जवळच आहे असं आपणच त्यांना भासवत होतो, म्हणजे ती घाबरू नयेत. एकाने त्यांचा शब्द हत्यारासारखा वापरला, दुसऱ्याने तो आधीच निकामी करून ठेवला. आणि ऊटाला, सीग्लूला काँग्रेसच्या समितीने काय विचारलं? काहीच नाही.

या इनुइट लोकांचं पेरीने आधीही बरंच नेलं होतं. केप यॉर्कजवळ पडलेल्या उल्का त्यांच्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या लोखंडाची खाण होत्या, सुऱ्या आणि भाल्यांची टोकं त्यातून घडत. १८९७ पर्यंत पेरीने त्यातल्या तिन्ही मोठ्या उल्का जहाजात चढवल्या, सगळ्यात मोठी तीस टनांच्या वरची. त्या न्यूयॉर्कच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाला विकल्या गेल्या. त्याच वर्षी त्याने सहा इनुइट माणसंही न्यूयॉर्कला आणली. वर्षभरात चौघं क्षयासारख्या आजारांनी गेली. मिनिक नावाचा पोर उरला. त्याच्या समाधानासाठी बापाचं दफन झाल्याचं नाटक करण्यात आलं, आणि बापाची हाडं संग्रहालयात ठेवण्यात आली. ती हाडं घरी, कानाक या गावी, १९९३ साली परतली. पेरीच्या जिद्दीला मी वर मान दिला तो मागे घेत नाही. पण हे वाचल्यावर त्याच्या ध्रुवाविषयी मला कौतुक उरत नाही.

आणि एक प्रवास असा आहे की ज्यावर कोणी भांडलं नाही. १९०८ च्या उन्हाळ्यात कुक, इत्तुकुसुक आणि आपिलाक भरकटत डेव्हन बेटावर आले. अन्नसाठे हाताबाहेर गेले होते, कुत्री नव्हती, काडतुसं संपत आली होती. केप स्पार्बो इथे एका जुन्या, अर्धवट जमिनीत खणलेल्या घराची डागडुजी करून त्यांनी सबंध ध्रुवीय रात्र काढली. भाले आणि फासे बनवून कस्तुरी-बैल मारले, त्याच मांसावर जगले, त्याच कातड्यांत झोपले. वसंतात स्वतः स्लेज ओढत ग्रीनलंडच्या अनोआटोक वस्तीपर्यंत आले. हे कुक करू शकला ते त्या दोन पोरांच्या हातांच्या कसबामुळे. ध्रुवाची गोष्ट खोटी असो वा खरी, हा हिवाळा खरा आहे. कुकने हीच गोष्ट घेऊन जगासमोर यायला हवं होतं.

पुढे कुक तेलाच्या शेअरांच्या फसवणुकीत सापडला आणि लेव्हनवर्थच्या तुरुंगात गेला. १९२६ च्या सुरुवातीला आमुंडसेन मुद्दाम वाट वाकडी करून त्याला तिथे भेटायला गेला. त्यावरून वर्तमानपत्रांत जे छापून आलं ते नॅशनल जिओग्राफिक सोसायटीला रुचलं नाही आणि तिने आमुंडसेनचं व्याख्यान रद्द केलं. त्याच वर्षी ११ मे रोजी नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या नी-ओलेसुनहून 'नॉर्गे' हे हवाई जहाज निघालं आणि दुसऱ्या दिवशी ध्रुवावरून गेलं. आत आमुंडसेन, अमेरिकी एल्सवर्थ, इटालियन नोबिले आणि इतर मिळून सोळा जण. निर्विवादपणे ध्रुवावर पोहोचलेली पहिली माणसं तीच, असं आता बहुतेक जाणकार म्हणतात. ज्या मनोऱ्याला ते हवाई जहाज बांधलं होतं तो अजून उभा आहे. त्याच नी-ओलेसुनमध्ये २००८ पासून भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र आहे. त्याची सूत्रं गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून हलतात. पहिला कोण हा प्रश्न तिथे आता कोणी विचारत नाही, बर्फ किती उरला हे मोजतात.

पेरी १९२० साली गेला, आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामाने. हेन्सन न्यूयॉर्कच्या जकात कार्यालयात कारकुनी करून निवृत्त झाला आणि १९५५ साली साध्या कबरीत गेला. ग्रीनलंडमध्ये दोघांचेही मुलगे होते, इनुइट आयांच्या पोटचे. हेन्सनचा अनाउकाक आणि पेरीचा काली, दोघं १९०६ च्या सुमारास जन्मलेले, एकत्र वाढलेले, शिकार करून जगलेले. ऐंशी वर्षांचे असताना, १९८७ मध्ये, ते पहिल्यांदा अमेरिकेला आले आणि आपापल्या बापांच्या कबरींपाशी उभे राहिले. पुढच्या वर्षी ६ एप्रिलला हेन्सनचे अवशेष आर्लिंग्टनमध्ये पेरीजवळ हलवण्यात आले. दगडावर त्याला ध्रुवाचा सहशोधक म्हटलं आहे. पेरी ध्रुवावर पोहोचला हे मला पटत नाही, तेव्हा तो दगडही अचूक नाही. तरी तो तिथे हवा, कारण पेरी जिथवर गेला तिथवर हेन्सन गेला होता, त्याच्या पुढून, वाट करत. आणि पुस्तकांत पेरीचं नाव ठेवायचंच असेल, तर त्याच ओळीत हेन्सन, ऊटा, एगिंग्वा, सीग्लू आणि ऊक्विया यांचीही नावं छापावीत. जागा फार लागणार नाही.